फोकसिंग रेलची ५ किलोची क्षमता फक्त खोक्यावरच असल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी आज चौथ्यांदा बोलणे झाले. यापुढे फोन करण्यात अर्थ नाही, अशी खात्री पटल्याने हे पत्र लिहीत आहे. दोन महिन्यांपूर्वी मी आपली फोकसिंग रेल (कॅमेरा पुढे-मागे सरकवून फोकस साधण्याची पट्टी) घेतली, कारण तिच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘भारक्षमता ५ किलो’ असे छापले आहे. माझा ६×७ सेंमी चौकटीचा फिल्म कॅमेरा, अगदी जवळून फोटो काढण्याची १४० मिमीची मॅक्रो लेन्स आणि लेन्स कॅमेऱ्यापासून पुढे नेणारी एक्स्टेंशन ट्यूब यांचे एकत्रित वजन काट्यावर ३.२ किलो भरते, त्यामुळे रेल ते सहज पेलेल असे मी धरून चाललो.

कॅमेरा आडवा असेपर्यंत तक्रारीला जागा नाही. पण मॅक्रोचे काम बहुतेक वेळा खाली झुकून करावे लागते आणि १:१ साठी, म्हणजे फिल्मवर वस्तू मूळ आकाराइतकीच उमटावी यासाठी, लेन्स जवळजवळ तिच्या केंद्रांतराइतकी आणखी पुढे न्यावी लागत असल्याने सगळे वजन पुढच्या टोकाला लोंबते, हे आपल्याला मी सांगायला नको. कॅमेरा ४५ अंशांत झुकवला की नॉबवरचा हात काढताच रेल आपणहून घसरू लागते. लॉकचा स्क्रू आवळावा, तर आवळता आवळताच कॅमेरा पुढे सरकतो. रेलच्या कडेला पेन्सिलीची रेघ मारून मी हे सरकणे मोजले. ते २ मिमी भरले. एफ ८ या छिद्रमापाला १:१ वर सहासातच्या फिल्मवर डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे स्पष्ट दिसणारी खोली, जेमतेम दीड मिलिमीटर मिळते. मेलेल्या पतंगाच्या मिशीवर भिंग लावून केलेला फोकस लॉक करेपर्यंत त्याच्या पंखाच्या मुळाशी जाऊन बसतो. असा एक अख्खा रोल वाया गेला आहे.

आता आजच्या संभाषणाविषयी. आपल्या प्रतिनिधीने आधी ‘ऑटोफोकस चालू करून पाहिलेत का?’ असे विचारले. या कॅमेऱ्यात ऑटोफोकस नाही, असे मी सांगितले. त्यावर ‘मग सेटिंगमधून चालू करा’ असा सल्ला मिळाला. कॅमेऱ्यात बॅटरीसुद्धा नाही, हे ऐकल्यावर ते काही क्षण गप्प राहिले आणि मग त्यांनी अत्यंत नम्रपणे विचारले, ‘सर, थोडा हलका कॅमेरा वापरता येईल का?’ मी ५ किलोच्या आकड्याची आठवण करून दिली, तेव्हा ती क्षमता ‘सपाट अवस्थेतली’ असल्याचे कळले. हे कुठे छापले आहे, असे विचारताच ‘ते सगळ्यांना माहीत असते’ असे उत्तर आले. सगळ्यांना माहीत असलेली ही गोष्ट छापायला खोक्यावर जागा उरली नसावी, कारण ती जागा ५ किलोच्या आकड्याने व्यापली आहे.

दोष माझ्या कॅमेऱ्यात नाही. दातेरी पट्टी आणि दंतचक्र यांच्यात ढिलाई आहे, लॉकचा स्क्रू एकाच बाजूने दाबतो आणि कॅमेरा पाव इंचाच्या एकुलत्या एका स्क्रूवर बसत असल्याने तो गोलही फिरतो. अशा वजनासाठी आट्यांच्या दांड्यावर चालणारी, रुंद पायाची रेल लागते. ती आपण बनवत नसाल तर तसे स्पष्ट सांगावे, पण ५ किलो असे छापू नये.

आपल्याच कंपनीचा ट्रायपॉड मी बारा वर्षे वापरत आहे आणि त्याच्या भरवशावर ही रेल न तपासता घेतली, याचे वाईट वाटते. पंधरा दिवसांत पूर्ण रक्कम परत न मिळाल्यास खोक्याचे, पेन्सिलीच्या रेघेचे आणि वाया गेलेल्या फिल्मचे फोटो जोडून मी ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. ते फोटो अर्थातच या रेलवर काढलेले नसतील.

आपला एक ग्राहक

ता. क. रेलसोबत आलेला षट्कोनी पाना पहिल्याच दिवशी झिजून गोल झाला. त्याची तक्रार पहिल्या फोनमध्येच नोंदवली होती, तिचेही उत्तर अद्याप आलेले नाही.