आईच्या कॅसेटी वाचवणाऱ्या काकांना

दांडिया बाजार, बडोदे

ती. स्व. काकांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्यासमोर आभार मानायची सोय नाही. मी तोंड उघडलं की तुम्ही विषय क्रिकेटवर नेता. म्हणून लिहिते आहे, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण मरायला टेकलेल्या डिस्कमधून आईच्या तालमी वाचवताना तुम्ही आमच्या घरी बसून जे केलंत ते इतरांच्याही उपयोगाचं आहे. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, आपल्या बाजूच्या कितीतरी मराठी घरांत एखादा जुना पीसी कोपऱ्यात असतोच. त्यात लग्नाचे फोटो, आजोबांचा आवाज, मोडीतून देवनागरीत उतरवलेले घरचे कागद असं काय काय साठलेलं असतं, आणि दुसरी प्रत कुठेच नसते.

आमच्या पीसीत आईची तालीम होती. आई सूरसागर तलावाजवळच्या संगीत महाविद्यालयात शिकली. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ साली सुरू केलेली गायनशाळा ती हीच, पुढे विद्यापीठात गेलेली. गायक फैयाज खाँसाहेब याच गावात राहिले आणि १९५० साली इथेच गेले. आईच्या गुरुजींनी त्यांना समोर बसून ऐकलं होतं, आणि शिकवताना मध्येच त्या आठवणी निघायच्या. आई तालमीला बसताना छोटा टेपरेकॉर्डर लावून ठेवायची. गुरुजी एकच जागा परत परत घेऊन दाखवतात, थांबवतात, रागावतात, क्वचित 'हां' म्हणतात, ते सगळं त्या कॅसेटींवर आहे. गुरुजी आता नाहीत. कॅसेटींना बुरशी लागायला लागली तेव्हा मी त्या पीसीत उतरवायला घेतल्या. बऱ्याच फिती त्या वेळी शेवटच्याच वाजल्या. काही तुटल्या, काही इतक्या चिकटल्या की आता डेकमध्ये घालवत नाहीत. म्हणजे डी ड्राइव्हवर जे होतं तेवढंच होतं.

सीडीच्या दर्जाचा आवाज मिनिटाला साधारण दहा एमबी खातो. तासाभराच्या कॅसेटला सहाशे एमबी. ५०० जीबीची डिस्क, त्यात घरातलं बाकीचं सगळं, त्यामुळे डी ड्राइव्ह काठोकाठ आला. फाइल उघडायला वेळ लागू लागला, ऐन तानेत आवाज अडखळू लागला. म्हणून डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे सलग लावणारा, विंडोज ७ मधला डिस्क डीफ्रॅगमेंटर (डीफ्रॅग) लावला. तो दहा टक्क्यांवर जाऊन थांबला. रात्रभर चालू ठेवला तरी सकाळी दहाच टक्के. पीसी पुन्हा सुरू करून लावला तरी तिथेच. एका दुकानात फोन केला तर सल्ला मिळाला की फॉरमॅट मारा, नवीन विंडोज टाका, मशीन पळायला लागेल. मी कॅबिनेट उचलून निघाले आणि जिन्यात तुम्ही भेटलात. काय झालं ते विचारलंत, आणि कॅबिनेट परत घरात आलं. त्या जिन्यातल्या दोन मिनिटांसाठीच मी जन्मभर तुमची ऋणी आहे.

तुम्ही डीफ्रॅग पुन्हा लावायला सांगितलात, खोलीतला पंखा बंद करवलात आणि कॅबिनेटला कान लावून बसलात. डिस्कचा दिवा लुकलुकत नव्हता, सलग पेटलेला होता, आणि आतून ठरावीक वेळाने तोच तो टक् असा आवाज येत होता. मग तुम्ही स्टॉपचं बटण दाबलंत. मध्येच थांबवलं तर फाइल तुटेल अशी मला भीती वाटत होती. तुम्ही समजावून सांगितलंत की विंडोजचा डीफ्रॅग तुकड्याची नव्या जागी आधी प्रत करतो आणि मगच पत्ता बदलतो, त्यामुळे स्टॉप दाबला तर काही हरवत नाही. वीज मात्र खेचायची नाही.

साधी कारणं तुम्ही आधी पाहिलीत. तुकडे इकडचे तिकडे करायला डीफ्रॅगला मोकळी जागा हवी, पंधरा टक्के तरी. आमच्याकडे त्याच्या निम्मीही नव्हती. अँटिव्हायरसचं स्कॅन त्याच वेळी चालू होतं का, काही डाउनलोड होत होतं का, पीसी मध्येच स्लीपमध्ये जात होता का, हे एकेक विचारलंत. बहुतेक घरांत गाडी इथेच अडलेली असते, जागा मोकळी केली आणि बाकीचे प्रोग्राम बंद केले की सुटते, असं म्हणालात आणि माझ्या जिवात जीव आला. पण तो आवाज तुमच्या डोक्यातून गेला नव्हता. तुम्ही विंडोजची नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर उघडलात, त्यात विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. लाल खुणांची रांगच लागली होती. प्रत्येकीपुढे 'डिस्क' आणि क्रमांक ७, मजकूर एकच, या डिव्हाइसवर बॅड ब्लॉक, म्हणजे खराब जागा आहे. त्यांच्या वेळा मला वाचायला लावल्यात. आम्ही डीफ्रॅग लावला होता त्याच वेळा होत्या. नंतर डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवलंत, तर पिवळ्या रंगात 'कॉशन', म्हणजे सावध. सी५ या ओळीत शून्य असावं लागतं, आमच्याकडे आकडा होता. डिस्कला स्वतःलाच धड वाचता येत नाहीत अशा जागांचा तो आकडा.

टक्के का हलत नव्हते ते तेव्हा कळलं. खराब जागा आली की डिस्क तीच जागा पुन्हा पुन्हा वाचू पाहते, विंडोज डिस्कच्या उत्तरासाठी थांबतं आणि डीफ्रॅग विंडोजसाठी. डीफ्रॅग प्रोग्राममध्ये काहीच बिघाड नव्हता. आणि तो रेटत राहणं म्हणजे मरायला टेकलेल्या डिस्कला या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचायला आणि पुन्हा लिहायला लावणं. 'आता या डिस्कवर एक अक्षर लिहायचं नाही,' असं तुम्ही म्हणालात. इतक्या ठाम आवाजात तुम्हाला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

आईने विचारलं, गाणं मुळात तुटलंच कशाला? मला वाटलं तुम्ही हसून सोडून द्याल. तुम्ही तिची बंदिशींची वही मागितलीत. वही भरत आली की अस्ताई चौथ्या पानावर आणि अंतरा जागा सापडली म्हणून साठाव्या पानावर लिहिला जातो, म्हणताना पानं उलटत बसावं लागतं, तसंच आहे म्हणालात. डिस्कवर फाइल चार-चार केबीच्या खणांत ठेवली जाते. डिस्क भरलेली असली की सलग खण मिळत नाहीत, आणि तासभर चालणारं रेकॉर्डिंग जिथे मिळेल तिथे बसत जातं. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कलाही एक फेरा पुरा करायला आठ मिलिसेकंद लागतात, शिवाय वाचणारं हेड सरकायला वेगळा वेळ. असे तुकडे हजारोंनी झाले की तान अडखळणारच. आईला हे पुरतं समजलं. आता ती ते पाहुण्यांना समजावून सांगते.

विंडोजमधलं डिस्क तपासणारं चेकडिस्क चालवू का, असं मी विचारलं. डिस्क धडधाकट असेल तर डीफ्रॅगच्या आधी जरूर चालवावं, पण 'आर' जोडून चालवलेलं चेकडिस्क पूर्ण डिस्क वाचून काढतं, तेव्हा अशा डिस्कवर प्रत निघाल्याशिवाय त्याचं नाव काढू नये, असं तुम्ही बजावलंत. मग वरून तुमची बाहेरची हार्ड डिस्क घेऊन आलात. पुन्हा कुठेच मिळणार नाही ते आधी, असा नियम केलात. आईला विचारून तुम्ही कागदावर फाइलींचा क्रम लिहिलात: गुरुजींच्या आवाजातलं पहिलं, आईचा रियाज नंतर, लग्नाचे व्हिडिओ सगळ्यात शेवटी.

नेहमीची कॉपी-पेस्ट त्याच खराब जागांवर येऊन डीफ्रॅगसारखीच अडली. तेव्हा तुम्ही आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडून फाइलींच्या प्रती काढणारं रोबोकॉपी वापरलंत. ते विंडोजमध्ये आधीपासूनच असतं हे मला माहीत नव्हतं. न सांगता चालवलं तर ते वाचता न आलेल्या फाइलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करतं आणि दर वेळी तीस सेकंद थांबतं, हे तुम्ही दाखवलंत. म्हणून आर १ आणि डब्ल्यू १ लिहून त्याला सांगायचं की एकदाच पुन्हा बघ, एक सेकंद थांब, नाही जमलं तर पुढे जा. असं करून बहुतेक सगळं निघालं. अडलेल्या फाइली मागे राहिल्या, आणि त्यांतल्या काही नेमक्या गुरुजींच्या होत्या.

त्यासाठी तुम्ही विंडोजऐवजी लिनक्सवर पीसी सुरू करणारा पेन ड्राइव्ह आणलात आणि खराब डिस्कवरून प्रत काढणारं डीडीरेस्क्यू लावलंत. त्याची रीत मला फार आवडली. सहज वाचता येतं ते सगळं ते आधी उचलून घेतं, अवघड जागा सोडून पुढे जातं, कुठे काय राहिलं त्याची नोंद फाइलमध्ये ठेवतं, आणि मग त्या जागांकडे परत फिरतं. वीज गेली तरी नोंदीवरून तिथूनच पुढे सुरू करता येतं. ते चालू असताना तुम्ही आमच्याकडेच जेवलात आणि जुन्या गोष्टी निघाल्या. तुमच्या कारखान्यातला कॉम्प्युटर विभाग, रात्रपाळीत टेपवर घेतलेले बॅकअप, दुसऱ्या इमारतीत नेऊन ठेवलेल्या टेपा. विंडोज ९८ च्या डीफ्रॅगमधले ते रंगीत चौकोन, आणि डिस्कवर कुणी काही लिहिलं की डीफ्रॅग पहिल्यापासून सुरू व्हायचा म्हणून स्क्रीनसेव्हरसुद्धा बंद करून ठेवावा लागायचा. एक्सपीतला डीफ्रॅग डिस्ककीपर नावाच्या प्रोग्रामवरून घेतलेला होता, आणि व्हिस्टात ते चित्रच गेलं. विंडोज ७ दर बुधवारी रात्री एक वाजता आपणहून डीफ्रॅग करतं हेही तेव्हाच कळलं. आम्ही रात्री मेन स्विच बंद करणारे.

सकाळी तुम्ही चहाआधी खाली आलात. प्रत निघाली होती. न वाचता आलेल्या जागा अगदी थोड्या उरल्या होत्या आणि त्यांतल्या फार थोड्या आईच्या फाइलींत होत्या. आमच्या जुन्या डिस्कवर एक सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणजे आवाजाच्या हिशेबात सेकंदाचा साधारण साडेतीनशेवा भाग, हे गणित तुम्ही आईला तिथेच मांडून दाखवलंत. एका यमनात तानपुऱ्यावर बारीक टक् ऐकू येतं, दुसऱ्या एका ठिकाणी गुरुजींचा एक शब्द अर्धा कापला गेला आहे. बाकी सगळं जसंच्या तसं. आईने त्या दिवशी दुपारपर्यंत हेडफोन काढला नाही.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण इतरांना तेही लागेल. विंडोजसाठी एसएसडी, साठवणीसाठी नवी हार्ड डिस्क. एसएसडीवर डीफ्रॅग लावायचा नाही. तिच्यात फिरणारी तबकडी नाही, सरकणारं हेड नाही, तुकडे लांब असले तरी फारसा फरक पडत नाही, उलट लिहिण्याने तिचं आयुष्य कमी होतं. विंडोज ८ पासून त्याच जागी ऑप्टिमाइझ असं बटण आहे, आणि एसएसडी असली तर ते मुख्यतः डीफ्रॅगऐवजी ट्रिमची, म्हणजे कोणत्या जागा आता रिकाम्या आहेत ते कळवणारी सूचना पाठवतं, तेवढं चालू द्यायचं. नव्या हार्ड डिस्कवर वीस टक्के जागा मी कायम मोकळी ठेवते. जुनी डिस्क तुमच्या सांगण्यावरून चिठ्ठी लावून बाजूला ठेवली आहे, वापरायची नाही म्हणून.

काका, डिस्क दुरुस्त करणारे पुष्कळ मिळाले असते. पण फाइलींचा क्रम लावायच्या आधी कोणत्या तालमीत काय आहे हे आईकडून ऐकून घेणारं दुसरं कुणी मिळालं नसतं. गुरुजी कोण, कोणत्या वर्षीची तालीम, रागावले होते का, हे तुम्ही एकेक कॅसेटीमागे विचारलंत आणि फाइलींना तशी नावं दिलीत. त्याआधी तिथे 'टेप ए', 'टेप बी' होतं. आईला इतक्या वर्षांत तिच्या तालमीबद्दल इतकं कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. ती आता पुन्हा सकाळी रियाजाला बसते. तुमच्यापर्यंत वर ऐकू येतं का? त्रास होत असेल तर सांगा, दार लावून घेऊ.

एक प्रत आमच्या कपाटात आहे, एक ताईकडे पुण्याला पाठवली. तिसरी तुमच्याकडे राहू दे, आईची तशी इच्छा आहे. आणि एक राहिलंच. काकूंच्या आजीच्या ओव्यांची कॅसेट तुमच्याकडे आहे असं काकू बोलता बोलता म्हणाल्या. आमच्या डेकचा पट्टा नवा बसवून घेतला आहे. या रविवारी ती कॅसेट घेऊन दोघंही या, आई भाकरवडी करणार आहे.

कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा ही विनंती.

आपली,
दुसऱ्या मजल्यावरची