ग्राफिक्स कार्डच्या लिक्विड कूलरबद्दल तक्रार: मेमरी चिप १० आणि हीटसिंक ८

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

सोलापूर, ९ जून

नमस्कार,

हे माझं चौथं लिहिणं आहे. आधीचे तीन मेल तुमच्या सिस्टीममध्ये असतीलच, त्यातलं शेवटचं तिकीट तुम्ही २४ मे ला 'समस्या सुटली' असं टाकून बंद केलं. समस्या काय सुटलेली नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितोय, लांबेल थोडं, पण हे पत्र कृपा करून अशा माणसाकडं द्या ज्यानं स्वतःच्या हातानं ग्राफिक्स कार्ड उघडलेलं आहे. आत्तापर्यंत ज्यांनी उत्तरं दिली त्यांना मी काय म्हणतोय तेच कळलं नाही असं वाटतं.

माझ्याकडं आरटीएक्स ३०८० आहे, १० जीबीवालं, तीन फॅनचं. कंपनीची वॉरंटी संपलेली, त्यामुळं उघडायला काही अडचण नव्हती. रात्री गेम खेळतो हे खरं, पण त्याच कार्डावर माझं पोट आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या दोन-तीन टॉवेल कारखान्यांचे कॅटलॉग मी ब्लेंडर ह्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बनवतो, म्हणजे टॉवेल विणायच्या आधीच तो कसा दिसेल ते चित्र. टेरी टॉवेलचा एकेक लूप दिसायला पाहिजे असतो, लाखो धागे होतात, मेमरी सगळी भरते आणि तापते. घर अशोक चौकाच्या मागं, माझी खोली वरची, पत्र्याची. सोलापुरात मे महिन्यात दुपारी ४२-४३ डिग्री म्हणजे काही नवीन नाही, आणि रात्री ११ ला पण खोलीत भिंतीवरचा थर्मामीटर ३५ दाखवतो. जुने फॅन फुल स्पीडला ओरडायचे, खाली आई-बाबांना झोप लागायची नाही, म्हणून तुमच्या वेबसाइटवरनं ११,४९९ रुपये भरून हा लिक्विड कूलरचा किट मागवला. वेबसाइटवर सपोर्टेड कार्डांच्या यादीत आरटीएक्स ३०८० स्पष्ट लिहिलंय, आजही आहे, स्क्रीनशॉट जोडलाय.

लावायच्या आधी मी टेस्ट घेतली होती, नंतर कुणी म्हणायला नको की आधीचे आकडे कुठायत. ४ मे, रात्री ११, खोली ३५ डिग्री, केसचं झाकण बंद, टॉवेलचाच एक सीन अर्धा तास सलग रेंडरला, म्हणजे चित्र तयार करायला, लावला. जुन्या कूलरवर कोर, म्हणजे कार्डाची मधली मोठी चिप, ७९ डिग्री, मेमरी ९६, एक फ्रेम (एक चित्र) ६ मिनिटं ५० सेकंद. दुसऱ्या दिवशी तुमचा किट बसवला. थर्मल पेस्ट नीट, स्क्रू तिरपे तिरपे थोडे थोडे करत आवळले, रेडिएटर (पाणी गार करणारी जाळी) मागच्या एक्झॉस्टला पंपापेक्षा वर, म्हणजे पंपात हवा अडकायचा प्रश्न नाही, पंपाची वायर मदरबोर्डवर लावून बायोसमधून, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमधून, १०० टक्के स्पीडला ठेवली. हे सगळं सांगतोय कारण तुमच्या दुसऱ्या मेलमध्ये हेच प्रश्न विचारले होते आणि मी तेव्हाच फोटोसकट उत्तर दिलेलं.

परत तीच वेळ, तोच सीन, खोली तेवढीच ३५. कोर ६१. मी तर खूष झालो, आवाज पण एकदम कमी, तुमच्या पंपाबद्दल माझी एक शब्दाची तक्रार नाही. पण एचडब्ल्यूइन्फो ह्या टेंपरेचर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये खाली मेमरी जंक्शनचा, म्हणजे मेमरी चिपांच्या आतल्या तापमानाचा, आकडा बघितला तर १०४, १०६, १०८, आणि अठराव्या मिनिटाला ११०. तिथं पोचलं की हे कार्ड स्वतःला वाचवायला क्लॉक (कामाचा वेग) पाडतं, आणि तसंच झालं, फ्रेमला ८ मिनिटं २० सेकंद लागायला लागले. नंतर सायबरपंक गेम लावून बघितला, तिथंही तासाभरात अडखळायला लागलं. म्हणजे साडेअकरा हजार घालून कार्ड गार झालं म्हणायचं आणि काम आधीपेक्षा दीड मिनिट उशिरा. दुसऱ्या, तिसऱ्या रात्री परत केलं, तेच.

आता हे का होतंय ते मी शोधलं आणि ते तुमच्या डब्यातच आहे.

३०८० ची मेमरी जीडीडीआर६एक्स आहे, साध्या जीडीडीआर६ पेक्षा जास्त तापणारी, आणि त्याच्या १० चिपा मधल्या मोठ्या चिपच्या भोवती बसवलेल्या असतात, एकेक जीबीच्या दहा. जुन्या कूलरमध्ये एकच मोठी प्लेट असते, ती मधल्या चिपला पण टेकते आणि पॅड (उष्णता पुढं नेणारी मऊ पट्टी) लावून मेमरीला आणि पॉवरच्या भागाला पण टेकते. तुमचा पाण्याचा ब्लॉक फक्त मधल्या चिपला टेकतो. मेमरीसाठी तुम्ही चिकटवायचे छोटे ॲल्युमिनियमचे हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून हवेत सोडणारे तुकडे, देता आणि एक ९२ एमएमचा फॅन. आणि ते हीटसिंक डब्यात आहेत ८. मी तीनदा मोजले, पिशवी उलटी करून बघितली, सामानाच्या यादीत पण ८ च छापलेत. ज्या कार्डांवर आठ चिपा असतात त्यांना हे पुरतील, पण ३०८० वर दहा आहेत, मग यादीत ३०८० कसं काय घातलं? आणि ह्या आठातले पण सगळे बसत नाहीत! तुमचा ब्लॉक कार्डावर धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटच्या चार पायांपैकी दोन पाय बरोबर दोन चिपांच्या वरनं जातात, मध्ये जेमतेम २ एमएमची फट, हीटसिंकची उंची त्याच्या तिप्पट. म्हणजे सहा लागले नीट, दोन मी कसेतरी बाकीच्या चिपांवर लावले आणि पायाखालच्या दोन चिपा उघड्या राहिल्या. मेमरी जंक्शनचा आकडा सगळ्यात गरम चिपचा असतो, तर तो ११० ला जाणारच.

पुढचं तर जास्त वाईट आहे. १४ मे ला रात्री रेंडर चालू असताना केसमधनं टक्क असा आवाज आला, मला वाटलं फॅनमध्ये काहीतरी अडकलं. झाकण काढलं तर एक हीटसिंक खाली पॉवर सप्लायच्या कव्हरवर पडलेला. हातात घेतला तर चटका बसला, आणि त्याच्या मागची चिकटपट्टी मऊ झालेली, ओढली की तार निघत होती, चघळलेल्या च्युइंगमसारखी. चिपवर अर्धी पट्टी तशीच चिकटलेली. केस उभी असली की ग्राफिक्स कार्डाचं तोंड खाली असतं हे तुम्हाला माहिती असणारच, म्हणजे हे सगळे हीटसिंक उलटे लटकलेले असतात आणि त्यांना धरून ठेवायला फक्त ती पट्टी, ती पण शंभर डिग्रीच्या चिपवर. माझा एक मित्र एसी रिपेअरिंग करतो, त्याच्याकडची लेझर गन घेऊन मागच्या बाजूचं टेंपरेचर बघायला त्याला बोलावलेलं, तो बघून म्हणला, "काय बे, हे खालनं तोंड करून लटकतंय, डिंकावर किती दिवस टिकल?" हा तुकडा धातूचा आहे. पडताना मदरबोर्डवरच्या उघड्या पिनांवर पडला असता तर शॉर्ट होऊन कार्ड आणि बोर्ड दोन्ही गेलं असतं, तेवढ्या पैशात माझं सहा महिन्याचं घर चालतं. त्या रात्रीपासून कार्ड चालू ठेवून मी खाली जेवायलासुद्धा जात नव्हतो.

ह्यावर तुमची उत्तरं अशी आली. पहिलं, कोर टेंपरेचर ६१ आहे म्हणजे कूलर व्यवस्थित आहे. दुसरं, तुमच्या खोलीचं तापमान जास्त आहे. तिसरं, तुम्ही कार्डचा मूळ कूलर काढलेला असल्यामुळं वॉरंटी लागू नाही.

तिसऱ्याबद्दल एवढंच, की मूळ कूलर काढल्याशिवाय तुमचा कूलर लागतच नाही. तुमच्याच माहितीपत्रकात पहिली पायरी ती आहे.

दुसऱ्याबद्दल मात्र नीट सांगतो कारण ते वाचून मला खरंच राग आला. सोलापूर गरम आहे हे मला तुमच्याकडनं कळायची गरज नाही, इथंच जन्म गेलाय. कुठलाही कूलर असला, हवेचा नाहीतर पाण्याचा, तो खोलीच्या तापमानाच्या खाली नेऊ शकत नाही, म्हणून मी नुसते आकडे न देता प्रत्येक वेळी खोलीचं तापमान लिहून पाठवलं. जुन्या कूलरवर मेमरी खोलीपेक्षा ६१ डिग्री वर होती. तुमच्या किटवर ७५ वर, ती पण क्लॉक पडल्यावर, नाहीतर अजून चढली असती. हा फरक खोलीचा नाही. महाबळेश्वरला नेऊन लावलं तरी जुन्यापेक्षा तुमच्या किटवर मेमरी चौदा-एक डिग्रीनं जास्तच तापणार, फक्त तिथं ११० ला पोचणार नाही म्हणून माणसाला कळणार नाही. इथं मे महिन्यात ते उघडं पडलं एवढंच. आणि डब्यावर जे मोठ्या अक्षरात '३० डिग्रीपर्यंत थंड' लिहिलंय ते कुठल्या खोलीत, कार्डाच्या कुठल्या भागाचं, ते कुठंच लिहिलेलं नाही.

तिकीट बंद केल्यावर मी अजून एक टेस्ट घेतली, माझ्याच मनाची खात्री व्हावी म्हणून. तुमचे हीटसिंक काढले, चिपा आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं साफ केल्या, नवी पेठेतनं मोबाईल-लॅपटॉप रिपेअरिंगवाल्याकडनं बुटके तांब्याचे हीटसिंक आणि थर्मल ग्लू आणला. पायाखालच्या दोन चिपांवर हीटसिंक बसतच नाही, तिथं २ एमएमचा थर्मल पॅड ठेवला, म्हणजे चिपची उष्णता ब्रॅकेटच्या धातूच्या पायातच जाईल. बाकी पंप, रेडिएटर, फॅन सगळं तुमचंच. खोली ३५, तोच सीन. कोर ६१, मेमरी ९०, फ्रेम ६ मिनिटं ४५ सेकंद. सगळं सामान ७२० रुपयांत आलं. हे वाचून तुम्हाला वाईट वाटायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण पंप इतका चांगला बनवायचा आणि एवढ्याशा सामानासाठी, दोन पॅडसाठी सगळ्याची माती करायची, हे कुणीतरी ३०८० वर एकदा जरी लावून मेमरीचा आकडा बघितला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. ती टेस्ट करायचं काम तुमचं होतं.

मग तोच जुगाड का नाही वापरत असं विचाराल. ग्लू लावला की तो निघत नाही, उद्या कार्ड विकायचं म्हणलं तर कोण घेणार, म्हणून टेस्टपुरते फक्त बाजूला थेंब देऊन लावलेले आणि लगेच काढले. आता जुना कूलर परत बसवलाय. त्याचे पॅड काढताना फाटले होते, ते नवीन ९५० रुपयांना घ्यावे लागले. रात्री परत तोच फॅनचा आवाज चालू झालाय, बाबा काही बोलत नाहीत पण सकाळी डोळे लाल असतात.

माझं मागणं असं आहे. किटचे ११,४९९ रुपये आणि पॅडचे ९५० परत करा. कॅटलॉग उशिरा दिल्यामुळं एका कारखान्याचं पुढचं काम हातचं गेलं, त्याचे पैसे मी मागत नाही. वेबसाइटच्या यादीतनं ३०८० काढा, नाहीतर डब्यात दहा चिपांचं सामान आणि पायाखाली घालायचे पॅड द्या. आणि ज्यांनी ३०८० साठी हा किट आधीच घेतलाय त्यांना मेल करून हीटसिंक पडू शकतो हे सांगा. ह्यातलं शेवटचं सगळ्यात आधी करा, पैसे नंतर दिले तरी चालेल. कुणाच्या तरी मशीनमध्ये तो तुकडा आज रात्री पडू शकतो आणि त्याला कोर ६१ दिसतोय म्हणून तो निवांत असेल.

दहा दिवसात परत करायची मुदत संपली असं म्हणू नका, माझा पहिला मेल बसवल्यापासून तिसऱ्या दिवशी, ८ मे ला आलेला आहे, उशीर तुमच्या उत्तरांना झाला. ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियम २०२० आहेत, त्यात तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासात पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असं आहे. तुमच्या वेबसाइटवर तक्रार अधिकाऱ्याचं नाव मला सापडलं नाही. माझ्या पहिल्या मेलला कालच महिना झाला. १५ दिवस अजून थांबतो, मग १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवणार आणि सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, ५ लाखाच्या आतल्या वस्तूला तिथं फी पण लागत नाही. सगळे स्क्रीनशॉट, बिल, आणि पडलेल्या हीटसिंकचा व्हिडिओ तारखेसकट जपून ठेवलेत.

किट मूळ डब्यात पॅक करून ठेवलाय, आठही हीटसिंक वेगळ्या पिशवीत, जो पडला त्याच्यावर मार्करनं खूण केलीय. कुरिअरवाल्याला संध्याकाळी ६ नंतर पाठवा, दिवसा मी कारखान्यात असतो आणि आईला जिना उतरून डबा आणता येत नाही.

आपला ग्राहक,
अशोक चौक, सोलापूर