देवकुंडच्या वाटाड्या दादांना आभारपत्र

प्रिय दादा,

स. न. वि. वि.

नाताळच्या सुट्टीत तुम्ही आम्हा बारा जणांना रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याहून देवकुंडच्या धबधब्याला नेलंत आणि उजेड असतानाच धडधाकट परत आणलंत. निघताना हात जोडले होते, पण ते घाईत. हे पत्र चारचौघांत लिहितोय, कारण वाटेत तुम्ही जे जे करायला लावलंत त्यामागची कारणं पुढच्या सुट्टीत येणाऱ्यांनाही कळायला हवीत.

सगळ्यात आधी तुमच्या वेळेच्या हट्टाबद्दल आभार. गावापासून कुंड एका बाजूने साधारण 6 किलोमीटर, चाल अडीच ते तीन तासांची. आकडा लहान दिसतो म्हणून लोक अकराला निघतात, दोनला पोचतात, तासभर रेंगाळतात आणि परतीचे ओढे अंधारात चाचपडत ओलांडतात. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो हे खरं, पण कुंड कड्यांच्या कुशीत आहे. तिथलं ऊन त्याच्या कितीतरी आधी सरतं आणि दाट झाडीत त्याहून लवकर सावळं होतं. तुमचा हिशेब उलटा चालतो: चारला गावात परत यायचं, म्हणजे एकला कुंड सोडायचं, म्हणजे दहाला पोचायचं, म्हणजे सातला पाऊल उचलायचं. आणि साडेदहापर्यंत पाणी दिसलं नाही, तर असू तिथून माघारी. ही शेवटची अट निघण्याआधीच सगळ्यांसमोर सांगितलीत, हे फार बरं केलंत. दमलेल्या माणसाला जंगलात ती पटत नाही.

सर्वांत हळू चालणाऱ्याला तुम्ही तुमच्या पाठोपाठ ठेवता, शेवटी नाही. असं का, ते वाचणाऱ्यांसाठी सांगतो. मागे राहिलेला माणूस येईपर्यंत पुढचे बसून दम खातात आणि तो पोचला की लगेच उठतात. ज्याला विसावा हवा त्यालाच तो मिळत नाही, मग दुसऱ्या तासात त्याच्या पोटऱ्यांत गोळे येतात. थंडीत तहान कमी लागते म्हणून पाणीही कमी प्यायलं जातं, घाम मात्र कोकणातल्या हवेत भरपूर जातो. माणशी 3 लिटर पाणी आणि त्यातल्या 1 लिटरमध्ये 6 सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, एवढ्यावर गोळे बरेचसे टळतात. गूळ-शेंगदाणे खिशात हवेत, पाठपिशवीच्या तळाशी नकोत.

धरणाच्या पाण्याकडेची सुरुवातीची वाट सपाट आणि उघडी. तिथे तुम्ही मुलांना सांगितलंत की भिऱ्याच्या वीजघराला पाणी थेट घाटमाथ्यावरच्या मुळशी धरणातून येतं. ज्या धरणाविरुद्ध 1921 साली सत्याग्रह झाला आणि पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले, त्याच धरणाचं हे पाणी. वीजघर 1927 पासून चालू आहे. तिथून सुटलेलं पाणी कुंडलिकेत उतरतं आणि त्यावरच खाली कोलाडचं राफ्टिंग चालतं. त्यामुळे वीजघराच्या खालच्या अंगाला नदी पाऊस नसतानाही चढते, तिथे पाय बुडवून बसायचं नाही. हे तुम्ही सहज बोलता बोलता सांगितलंत, पण ते गाड्या लावतो तिथे फलकावर लिहिण्यासारखं आहे.

रानात शिरल्यावर हिवाळ्याची अडचण वेगळीच. गवत वाळलं की ढोरवाटा उघड्या पडतात आणि त्या मळलेल्या वाटेपेक्षा ठळक दिसतात. तुमची खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: ढोरवाट झुडपांखालून जाते, माणसाच्या छातीच्या उंचीवरच्या फांद्या तिथे मोडलेल्या नसतात. वाकून चालावं लागलं की थांबायचं आणि शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागे यायचं. खाली दरीत मोबाईलला रेंज धरून चालू नये. उतारावर पाचोळ्याखाली सुट्या दगडमातीचा घसारा असतो, तिथे टाच रोवून नाही तर पूर्ण तळवा टेकवून, लहान पावलं टाकत उतरायचं. दगडाला हात लावण्याआधी डोळ्यांनी बघायचं, कारण फुरसं हा विषारी साप दगडाच्याच रंगाचा असतो.

शेवटचा टप्पा नदीतल्या धोंड्यांचा, आणि पाय मुरगळतात ते इथेच. पावसाळ्यातलं शेवाळ हिवाळ्यात वाळून काळ्या पापुद्र्यासारखं कातळाला चिकटतं. कोरडं असताना ते पकड देतं, पण ओल्या बुटाचं पाणी लागलं की साबण होतं. म्हणजे पहिला माणूस सुखरूप जातो आणि त्याच्या ओल्या पावलांवरून पाचवा घसरतो! ओढा ओलांडल्यावर बूट झटकायला आणि तळवे खरखरीत दगडावर घासायला तुम्ही उगाच लावलं नाहीत. करडा, खरबरीत, कोरडा दगड निवडायचा, काळा चकचकीत सोडायचा. आधी काठीने ठोकून तो डुगडुगतो का पाहायचं. उडी मारायची नाही, एक पाय पक्का झाल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही.

आता कुंडाबद्दल. तिथे तुम्ही सगळ्यांना पाण्यापासून लांब बसवलंत तेव्हा काही चेहरे उतरले होते. पाणी हिरवंगार, धार बारीक झालेली, समोर काही भीतीदायक दिसत नाही. पावसाळ्यात प्रशासन मनाई आदेश काढतं, तेव्हा धोका डोळ्यांना दिसतो. हिवाळ्यात तो झाकलेला असतो. वर्षानुवर्षं धार आपटून कुंड खोदलं गेलंय, त्यामुळे काठाला गुडघाभर पाणी आणि दोन पावलांवर तळच नाही. धारेखालचं पाणी फेसाळ, हवेने भरलेलं असतं आणि अंगाला नेहमीसारखं उचलून धरत नाही. शिवाय कोसळणारं पाणी खाली जाऊन वर येताना एक भोवरा फिरत राहतो, तो माणसाला पुन्हा धारेकडेच ओढतो. त्यात तीन तास चालून तापलेलं अंग एकदम गार पाण्यात गेलं की श्वास आपोआप आत ओढला जातो. तेवढ्यात तोंड पाण्याखाली असेल तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. याला पोहता येण्या-न येण्याशी संबंध नाही.

कड्याच्या अगदी बुडाशीही बसू दिलं नाहीत, वर माकडं असली की दगड सुटतात म्हणून. सेंटचा वास, धूर आणि आरडाओरडा तुम्ही गावातच बंद केला होता, आग्या मोहोळामुळे. माशा उठल्याच तर झटकत उभं राहायचं नाही, तोंड-मान कापडाने झाकून आल्या वाटेने लांब जायचं. पाण्यात उडी मारून उपयोग नाही, त्या वर घिरट्या घालत थांबतात. डंख नखाने खरवडून लगेच काढायचा, आणि ओठ सुजले किंवा धाप लागली तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना.

भिऱ्यात मार्च 2017 मध्ये पारा 46.5 अंशांवर गेल्याची नोंद झाली होती. पावसाळ्यात बंदी आणि मार्चपासून अशी होरपळ, म्हणजे या वाटेला माणसांची गर्दी होते ती नेमकी थंडीच्या सुट्ट्यांत, आणि तेव्हा सगळा भार तुम्हा गावकऱ्यांच्या डोळ्यांवर असतो. परतताना पुढच्या गटाने टाकलेली वेष्टनं तुम्ही मुकाट्याने उचलत होता. ती आमच्या पिशव्यांतून खाली आली, पण उचलायचं आम्हाला आधी सुचायला हवं होतं.

घरी वहिनींना नमस्कार. पिठलं-भाकरीसाठी वेगळे आभार.

तुमचे,
नाताळच्या सुट्टीतले बारा जण

ता. क. सोबत बुडणाऱ्याकडे फेकायची 20 मीटर रस्सी पाठवत आहोत, 8 मिलिमीटर जाडीची, पॉलिप्रॉपिलीनची. नायलॉनची बुडते, ही तरंगते. वेटोळं करून ठेवू नका, एका टोकापासून पिशवीत सुटी कोंबत जा, म्हणजे फेकताना गुंता होत नाही. मोकळं टोक हातात धरून पिशवी बुडणाऱ्याच्या डोक्यावरून पलीकडे फेकायची, म्हणजे रस्सी त्याच्या अंगावर पडते. ती स्वतःच्या कमरेला किंवा मनगटाला बांधू नका. उन्हात ही ठिसूळ होते, ओटीवर टांगू नका. बोटांनी चोळल्यावर कुसं निघायला लागली की कुंडावर नेणं थांबवा आणि आम्हाला कळवा, दुसरी पाठवतो.