पुणे आणि पेण यांचा पत्ता एक होऊ नये म्हणून

प्रति,
माननीय माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शासकीय संकेतस्थळांवरील मराठी पानांचे पत्ते

माननीय मंत्रिमहोदय, सविनय नमस्कार.

मी तालुक्याच्या गावी ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं केंद्र चालवते. त्याआधी काही वर्षं संकेतस्थळं बांधायचं काम केलं. त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजूंचं मला थोडंफार कळतं.

गेल्या पावसाळ्यात अकरावीतली एक मुलगी वही घेऊन आली. शिष्यवृत्तीची सूचना फलकावर लागली होती, खाली पानाचा पत्ता छापला होता. घरातला एकुलता मोबाइल वडिलांकडे, म्हणून तिने तो पत्ता हाताने उतरवून घेतला. वहीचं अर्धं पान भरलेलं. टक्का ई शून्य, टक्का ए चार, टक्का बी सहा, अशा ओळीमागून ओळी. टक्क्याची प्रत्येक खूण तिने दोन गोल आणि मध्ये तिरकी रेघ अशी नीट काढलेली. मी तो पत्ता टाइप केला आणि पडद्यावर आलं, ‘पान सापडले नाही’. बराच वेळ शोधल्यावर तिसऱ्या ओळीत बीच्या जागी आठ सापडला. एवढ्या जंजाळात तिची एकच चूक झाली होती, आणि पोरगी माझ्याकडे अपराध्यासारखी बघत होती.

त्या पत्त्यात मुळात तीनच शब्द होते : ‘शिष्यवृत्ती अर्जासाठी मुदतवाढ’. वेबच्या पत्त्यात इंग्रजी अक्षरं, अंक आणि मोजक्या खुणाच थेट चालतात. बाकी सगळं टक्क्याच्या संकेतात बदलून लिहायचं, हा नियम २००५ च्या आरएफसी ३९८६ या इंटरनेटच्या मानकात दिलेला आहे. वेबवर देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटमध्ये, म्हणजे साठवणुकीच्या तीन छोट्या घरांत, मावतं, प्रत्येक बाइटची तीन चिन्हं होतात. म्हणजे एका ‘श’ची नऊ, त्याच्या वेलांटीची आणखी नऊ. त्या तीन शब्दांत मात्रा आणि हलन्त धरून २७ चिन्हं आहेत. त्यांची झाली २४३, शब्दांमधल्या दोन आडव्या रेघा धरून २४५. ब्राउझर आपल्याला मराठी अक्षरंच दाखवतो, पण तिथून पत्ता उचलून नोटिशीत चिकटवला की बऱ्याचदा हे सगळं बाहेर पडतं. नोटीस काढणाऱ्या लिपिकाचा यात दोष नाही. त्याने जे उमटलं ते छापलं.

पण ही झाली लांबीची अडचण. याहून मोठी चूक त्याच्या आधीच होते, आणि ती दिसत नाही म्हणून मला तिची जास्त काळजी वाटते.

हे पत्ते कुणी बसून लिहीत नाही. शीर्षक भरलं की प्रणाली त्यातून पत्ता घडवते : जागा काढून रेघ घालते, स्वल्पविराम काढते, ‘अक्षर नाही’ ते सगळं पुसते. या पुसण्यातच मराठीचा घात होतो. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी सगळ्या लिपींतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात, क, ख, ग ही अक्षरं, पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त यांचा वर्ग वेगळा, अक्षराला जोडून येणारी चिन्हं असा. ‘फक्त अक्षरं आणि अंक ठेव’ एवढंच सांगितलेला प्रोग्राम या सगळ्यांना कचरा समजतो. मग पुणे होतं ‘पण’ आणि पेणही होतं ‘पण’. सांगली ‘सगल’, सांगोलाही ‘सगल’. इंग्रजीत ‘पूना’ लिहून चाचणी घेतली तर यातलं काही लक्षात येत नाही. दोन पानांचे पत्ते सारखे झाले की एक प्रणाली दुसऱ्याला शेपूट म्हणून २ हा आकडा लावते, दुसरी सरळ आधीच्या पानावर नवं पान लिहिते. सांगोल्याच्या माणसाला सांगलीची यादी उघडलेली दिसते, आणि आपलं नाव नाही असं समजून तो घरी जातो.

‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द तर आपल्या सरकारी कामकाजात रोजचा. त्यातला ‘ऱ्य’ दोन प्रकारे टाइप होतो, एकदा खालच्या टिंबाच्या ‘ऱ’ने, एकदा साध्या ‘र’ला न दिसणारा जोडक लावून. डोळ्याला दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. जोडक पुसला गेला की उरतो ‘शेतकर्यांसाठी’. आचाऱ्यांचे आचार्य करणारी ही चूक आपण शाळेत लाल शाईने दुरुस्त करून घेतली आहे.

काही प्रणालींत पत्त्याच्या या भागाला २०० चिन्हांची मर्यादा असते. त्या मुलीचा पत्ता तिथे ‘शिष्यवृत्ती-अर्जासाठी-मु’ असा तुटला असता. आणि कुठे कुठे आधीच बदललेला पत्ता पुन्हा बदलला जातो, तेव्हा टक्क्याच्या खुणेचाच संकेत होतो आणि सगळंच बिघडतं.

याला उपाय म्हणून मराठी पत्ते बंद करून रोमन लिपीत लिहा, असं मी म्हणणार नाही. २०१४ पासून आपल्याकडे ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन आहे. दारावर मराठी पाटी लावून आतल्या खोल्यांना इंग्रजी नावं द्यायची हे मला पटत नाही. मागणं साधं आहे. प्रत्येक पानाला एक कायमचा छोटा क्रमांक असावा आणि नुसत्या क्रमांकानेही पान उघडावं. मराठी नाव त्याच्यापुढे खुशाल असू द्या, मात्र काना-मात्रेसकट. आपल्या शासन निर्णयांच्या शेवटी ‘त्याचा संकेतांक अमुक असा आहे’ हे वाक्य किती वर्षं छापलं जातं आहे! तोच संकेतांक पत्त्यातही वापरता येईल. फलकावर आणि एसएमएसमध्ये फक्त तो क्रमांकाचा पत्ता छापावा. संकेतस्थळ नवं केलं तरी जुना पत्ता नव्या पानावर पोचवणारा असावा, कारण गावातल्या फलकावरचा कागद कुणी बदलत नाही.

आणि संकेतस्थळाचं काम देताना निविदेत मराठी शब्दांची चाचणी सक्तीची करावी. त्यासाठी काही शब्द इथेच देते : पुणे, पेण, सांगली, सांगोला, शेतकऱ्यांसाठी (दोन्ही प्रकारे टाइप केलेला), शिष्यवृत्ती, दुष्काळग्रस्त, कुटुंबप्रमुख. यांचे पत्ते वेगवेगळे आणि अखंड निघाले तरच काम पूर्ण झालं असं धरावं. ही चाचणी तासाभरात होते. गरज पडली तर मी स्वतः मुंबईला येऊन करून दाखवीन.

आपली,
एक केंद्रचालक