यंदा नाताळाला मी नगरला येत नाही

तीर्थरूप आई-बाबा,

सप्रेम जय ख्रिस्त.

फोनवर सांगितले असते तर आईने लगेच फोन बाबांच्या हाती दिला असता आणि बाबा "बरं" एवढेच म्हणून गप्प बसले असते, म्हणून हे पत्र. यंदा नाताळाला मी नगरला येणार नाही. 24 तारखेच्या संध्याकाळी आमच्या पुण्याच्या घरी ऑफिसातली आणि सोसायटीतली काही मंडळी जेवायला येणार आहेत. जेवणानंतर लूकच्या शुभवर्तमानातला ख्रिस्तजन्माचा भाग वाचू, दोन-तीन गीते म्हणू आणि ज्याला काही विचारायचे असेल तो मोकळेपणाने विचारील. आमंत्रणे गेली आहेत. 26 तारखेला सकाळीच आम्ही मुलांना घेऊन निघू आणि नववर्षाच्या उपासनेपर्यंत तुमच्याकडे राहू, त्यामुळे करंज्यांचा एक डबा आईने आमच्यासाठी लपवून ठेवावा.

बाबा, "फराळाचे ताट पाठवावे, तोंड उघडू नये" हा आपल्या श्रद्धेविषयीचा तुमचा नियम दादाच्या लग्नातल्या त्या प्रकारानंतर झाला, हे मला ठाऊक आहे आणि त्यासाठी मी तुम्हाला कधीही भित्रे म्हटलेले नाही. हल्लीचे दिवस पाहता तुमची काळजी वाढणेही साहजिक आहे. पण घटनेच्या 25व्या कलमात धर्माचरणाबरोबर धर्मप्रसाराचाही हक्क आहे, आणि 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे, दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क नव्हे, असा निकाल दिला, हे मला जेवणाच्या टेबलावर तुम्हीच समजावले होते. मी त्यापलीकडे पाऊल टाकणार नाही. कुणाला पैसे, नोकरी किंवा आजार बरा होण्याचे वचन देऊन बोलवायचे असते तर तुमच्याआधी मीच त्याला विरोध केला असता.

म्हणूनच मी जेवायला बोलावतानाच सांगते की जेवणानंतर येशूविषयी वाचन आहे, थांबायचे की नाही हे तुम्ही ठरवा. आधी पोटभर वाढायचे आणि मग पाहुण्याला उठता येईना असे पाहून पुस्तक उघडायचे, हा गळाला खाऊ लावण्याचा प्रकार मला पटत नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरची मैत्रीण जैन आहे. मागच्या वेळी तिच्यासाठी मी कच्च्या केळ्याची भाजी आणि मूगडाळ केली, नवी कढई आणली आणि सूर्यास्ताआधी तिचे ताट वाढले. ती जेवली, भाजी कशी केली हे विचारून घेतले आणि वाचन सुरू होण्याआधी हसत घरी गेली. यंदाही ती येणार आहे आणि यंदाही तशीच गेली तरी पुढच्या वर्षी तिची भाजी होईलच. आई, लूकच्या चौदाव्या अध्यायात परतफेड करू शकत नाहीत त्यांनाच जेवायला बोलवावे असे आहे ना, मग माझ्या जेवणाची परतफेड कुणाच्या विश्वासाने व्हावी असे मी तरी का धरावे?

बोलायचे मात्र आहे, कारण जे मला जगण्याला पुरते ते मैत्रिणींपासून झाकून ठेवणे मला आता खोटेपणाचे वाटते. येशूकडे बोलावताना फिलिप्प या त्याच्या शिष्याने नथनेलाशी वाद घातला नाही, "येऊन पाहा" एवढेच म्हटले. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना 1893 साली आगगाडीत भेटलेल्या त्या युरोपीय प्रवाशाने गप्पा मारल्या, नवा करार हाती ठेवला आणि तो आपल्या वाटेने गेला. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला तो त्यांच्या स्वतःच्या वाचनातून आणि झगड्यातून. बाबा, ही गोष्ट सांगताना तुमचा आवाज कसा बदलायचा ते मला आठवते, आणि मी तुमच्या मांडीवर झोपल्याचे सोंग घेऊन ती पुन्हा सांगायला लावायचे हेही आता कबूल करते. आईने कुरडया तळताना माझ्या हातात पहिली कुरडई द्यावी म्हणून मी चुलीजवळून हलत नसे. आई, तसे ऊबदार घर मला पुण्यात करता आले तर ते तुझेच आहे.

आता ऐका. आकाशदिव्याचा तारा लावायला बाबांनी स्टुलावर चढायचे नाही, दादाचा मुलगा येऊन लावील. मोतीबिंदूचे थेंब चारही वेळा घालायचे, बाटली संपत आली की संपायच्या आत मागवायची. मध्यरात्रीच्या उपासनेला जायचेच असेल तर कानटोपी, मफलर आणि दारापासून रिक्षा. रिक्षावाल्याशी मी बोलून ठेवले आहे, त्यामुळे त्याच्याशी पैशांवरून घासाघीस करू नका. आईने गुडघ्यांचा पट्टा बांधूनच स्वयंपाकघरात उभे राहावे, मटण मोलकरणीकडून करून घ्यावे आणि बाबांच्या वाटीत मीठ कमी घालावे. नव्या गीझरचे बटण अंघोळ झाल्यावर बंद करावे.

आणि बाबा, रोज संध्याकाळी बुद्धिबळाला येणाऱ्या काकांना यंदा एकदा विचारून पाहा, 25 तारखेच्या उपासनेला येता का म्हणून. नको म्हणाले तर आग्रह करू नका, डाव मांडा.

तुमची,
बेबी