पेन ड्राइव्हवाल्या काकांना, देवघेव विभागाकडून

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावून ठेवलंय, म्हणून नुसतं काका. पत्र उघडं लिहायचं कारण असं की हल्ली आसपासच्या वाचनालयांतून फोन येतात आणि सगळे एकच मागतात: "तो पेन ड्राइव्ह द्या ना, आम्हीही लिनक्स टाकून घेतो." लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत, मुक्त संगणकप्रणाली. पेन ड्राइव्ह आम्ही देतो. पण त्याने होतं ते काम वीस मिनिटांचं. तुम्ही नऊ शनिवार आलात, त्यात पेन ड्राइव्ह खिशातून निघाला तो चौथ्या शनिवारी. आधीच्या तीन आणि नंतरच्या पाच शनिवारांचे आभार मानायचे आहेत, आणि ते नीट मानायचे तर काय काय केलंत ते तपशिलानेच लिहायला हवं.

पहिल्या दिवशी तुम्ही एकाही संगणकाला हात लावला नाहीत. शंभरपानी वही घेऊन टेबलाटेबलावर बसलात आणि विचारत गेलात. प्रोसेसर कोणता, रॅम किती, दिवसभरात कोणते प्रोग्राम उघडता, कोणत्या सरकारी संकेतस्थळावर जाता, प्रिंटर कुठला, पासवर्ड ब्राउझरने लक्षात ठेवलेत की डोक्यात आहेत. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा. आमच्या सहापैकी पाच संगणक चौथ्या पिढीचे. त्यामुळे 'पाच लिनक्सवर जातील, सहावा विंडोजवर राहील' हा हिशेब त्या वहीतच झाला. सहाव्यावर टॅली चालतं, डिजिटल सहीचं टोकन लागतं, आणि प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात दिसणारा तो छोटा लेझर प्रिंटर त्यालाच जोडलेला आहे. टॅली वाईनमधून, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या सोयीतून, चालवून बघू, असं कमिटीतल्या एका उत्साही सभासदाने सुचवलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "हिशेबाच्या वहीवर प्रयोग करत नाहीत." सगळंच्या सगळं बदलायचा हट्ट तुम्ही धरला नाहीत, हा पहिला उपकार.

दुसरा उपकार जुन्या डिस्कांचा. एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी नांदवायचे, की विंडोज पुसून टाकायचं, या वादात तुम्ही पडलाच नाहीत. प्रत्येक संगणकाला २४० जीबीची नवी एसएसडी लावलीत. जुनी ५०० जीबीची डिस्क काढून तिच्यावर संगणकाचा नंबर चिकटवलात आणि ती कपाटात ठेवलीत, वर्षभर हात लावायचा नाही म्हणून. काही बिनसलं तर दोन वायरी बदलल्या की जुना संगणक जसाच्या तसा परत. ही सोय असल्यामुळे पुढे कुणाच्या पोटात गोळा आला नाही. डिस्क काढण्याआधी विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करून संगणक पूर्ण बंद करायचा, हे तुम्ही वहीत लाल शाईने लिहिलंय. नाहीतर ती डिस्क लिनक्सला अर्धवट झोपलेली दिसते आणि फक्त वाचण्यापुरतीच उघडते. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू आहे का तेही आधी पाहायचं, असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवायची. रॅम मागवताना लॅपटॉपसाठी १.३५ व्होल्टची डीडीआर३एल पट्टी हवी, साधी डीडीआर३ नको, ही चूक तर दुकानदारच करणार होता.

आता तो प्रसिद्ध पेन ड्राइव्ह. लिनक्स मिंट २२ (लिनक्सचाच एक तयार अवतार), एक्सएफसीई ही हलक्या चेहऱ्याची आवृत्ती. फाइल तीन जीबीच्या आसपास, पेन ड्राइव्ह आठ जीबीचा. उतरवलेल्या फाइलची शा-२५६ बेरीज (फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा) मिंटच्या पानावरच्या बेरजेशी ताडून पाहायची, आणि जुळली नाही तर पुन्हा उतरवायची. अर्धवट उतरलेल्या फाइलने इन्स्टॉलेशन मध्येच कुठेतरी अडकतं आणि माणूस दिवसभर डिस्कला दोष देत बसतो. मिंटच्याच सिनॅमन आवृत्तीचा चेहरा जास्त देखणा आहे, पण पाचांपैकी दोन संगणकांवर ती जड झाली असती. म्हणून सगळीकडे एकच, हलकी आवृत्ती टाकलीत. कोणीही कुठेही बसलं तरी मेनू तिथेच सापडतो. मिंट २२ ला अद्यतनं २०२९ पर्यंत मिळणार, तेव्हा तोवर हा विषय बंद.

लॅपटॉपवर इन्स्टॉलरला डिस्कच दिसेना, ते दहा मिनिटांत सुटलं: बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, साटा मोड (डिस्क जोडण्याची पद्धत) 'रेड' होता, तो 'एएचसीआय' केला. मात्र वहीत तुमची टीप आहे की त्याच डिस्कवर विंडोज ठेवायचं असेल तर हा बदल असा फटकन करू नये, विंडोज उठत नाही.

बसवण्याआधी नुसता पेन ड्राइव्हवरून संगणक चालवून अर्धा तास सगळं तपासलंत: आवाज, वायफाय, प्रिंटर, बारकोड स्कॅनर. त्या स्कॅनरने आम्हाला चांगलंच चकवलं. स्कॅनर चालत होता, दिवा लागत होता, तरी 'पुस्तक सापडत नाही.' कारण संगणकाच्या लेखी स्कॅनर म्हणजे कीबोर्डच. मराठी कळफलक चालू असताना पुस्तकावर स्कॅनर धरला की दाखल क्रमांक देवनागरीत उमटतो, आणि असा क्रमांक यादीत नसतोच. उपाय साधा निघाला: देवघेवीच्या टेबलावर इंग्रजी कळफलक कायमचा, मराठी हवी तेव्हाच बदलायची, आणि कोणती भाषा चालू आहे ते दाखवणारं चिन्ह पट्टीवर मोठं करून ठेवलेलं. कळफलकाचीच दुसरी गोष्ट म्हणजे इनस्क्रिप्टवाल्यांची, म्हणजे भारतीय भाषांच्या त्या प्रमाण कळफलकावर टाइप करणाऱ्यांची. शिफ्ट दाबून आकड्यांच्या ओळीतून क्ष, ज्ञ, त्र एका दाबात काढायची त्यांच्या बोटांना सवय. साध्या कळफलकाच्या मांडणीत एका कळीला एकच चिन्ह मिळतं, त्यामुळे ही जोडाक्षरं निघेनात. आयबस ही वेगवेगळ्या भाषा टाइप करायची सोय आणि त्यातलं एम१७एन मराठी इनस्क्रिप्ट बसवल्यावर निघाली.

आणि फॉन्ट. मराठी कचेरीतला खरा गुंता हाच, आणि नंतरच्या पाचपैकी साडेतीन शनिवार त्यातच गेले. आमची दाखल नोंदवही स्प्रेडशीटमध्ये आहे, पण बरीचशी युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच सांकेतिक क्रमांक देणारी पद्धत) येण्याआधीच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. त्या फाइलच्या पोटात मराठी नाहीच. रोमन अक्षरं आहेत, आणि फॉन्ट त्यांच्या जागी मराठीचे तुकडे रंगवतो. फॉन्टची फाइल लिनक्समध्ये टाकली तर अक्षरं दिसतीलही, पण शोध लागत नाही आणि अकारविल्हे लावायला गेलं तर यादी भलत्याच क्रमाने येते. शिवाय ते फॉन्ट विकतचे, परवाना एका संगणकाचा. म्हणून सगळं युनिकोडमध्ये आणायचं ठरलं, आणि तुम्ही सगळी यादी एकदम कन्व्हर्टरमध्ये ओतू दिली नाहीत. आधी वीस ओळी, त्याही मुद्दाम वेचलेल्या अवघड.

जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं कागदावर दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. वेलांटी डावीकडे दिसते म्हणून आधी, रफार वर उजवीकडे म्हणून नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम. कन्व्हर्टरने हा क्रम फिरवला नाही तर 'किल्ला'चं 'िकल्ला' होतं आणि 'धर्म'चं 'धमर्'. हे निदान डोळ्यांना दिसतं. इंग्रजी शीर्षकं त्याच चाळणीतून गेली तर त्यांचा अगम्य मराठी चिवडा होतो, आणि आयएसबीएनचे आकडे देवनागरी होऊन बसतात. म्हणून आधी हाताने एक रकाना वाढवून प्रत्येक ओळीपुढे 'म' किंवा 'इं' लिहायला लावलंत. कंटाळवाणं होतं, तक्रारीही झाल्या. पण फक्त 'म'च्या ओळींतली शीर्षक आणि लेखक हे दोनच रकाने बदलायचे, किंमत, आयएसबीएन आणि दाखल क्रमांक तसेच सोडायचे, हे त्यामुळेच जमलं.

न दिसणारी चूक मात्र तुम्हीच पकडलीत. 'दुसऱ्या' हा शब्द शोधला तर निम्मीच पुस्तकं येत होती. कारण त्यातला 'ऱ्य' दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक म्हणजे नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य, दुसरी म्हणजे साधा र, हलन्त, मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग य. छापल्यावर दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. 'ॲ'चंही तेच: एक अख्खं चिन्ह, नाहीतर अ वर चंद्र. सगळीकडे पहिली पद्धत करून घेतलीत आणि दोन 'शोधा व बदला' वहीत उतरवून ठेवलीत. नवी नोंद कुणी फोनवरून टाइप करून पाठवली की ती आधी या दोन चाळण्यांतून जाते.

फाइलींच्या नावांचा घोळ तर आधी कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता. जुन्या डिस्कवरून फायली उतरवताना काही ठिकाणी 'नाव फार लांब' म्हणून काम अडलं. विंडोजची डिस्क नावात २५५ चिन्हं मोजते, लिनक्सची ईएक्सटी४ पद्धतीची डिस्क मात्र २५५ बाइट मोजते. 'वार्षिक' शब्द बघायला तीन अक्षरी, पण आत चिन्हं सात: व, काना, र, हलन्त, ष, वेलांटी, क. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे हा एकच शब्द २१ बाइटचा. सगळं मिळून मराठी नावाला जेमतेम ८५ चिन्हं. आमच्याकडच्या काही फायलींच्या नावात सभेचा अख्खा ठरावच लिहिलेला होता! ती नावं सहाव्या संगणकावर डिस्क जोडून आधी लहान केली, मग उतरवली. होम फोल्डर (आपल्या फायली असतात तो) कूटबद्ध करायचा पर्याय तुम्ही का टाळलात तेही तेव्हाच कळलं. त्यात नावाची मर्यादा १४३ बाइटवर येते, म्हणजे मराठीत ४७ चिन्हं.

लिब्रेऑफिसबद्दल, म्हणजे वर्ड-एक्सेलच्या जागी वापरायच्या मोफत प्रोग्रामांबद्दल, थोडक्यात. त्यात इंग्रजी आणि देवनागरीसाठी फॉन्ट आणि आकार वेगवेगळे ठरवावे लागतात. भाषेच्या पर्यायांत 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करून तिथे मराठी निवडली नाही, तर फॉन्ट बदलला तरी मराठी मजकूर ढिम्म हलत नाही. इंग्रजीत कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो आणि कॅम्ब्रियाच्या जागी कॅलाडिया, त्यांची रुंदी मुद्दाम तेवढीच ठेवलेली असल्याने पानं सरकत नाहीत. मराठीच्या मंगल फॉन्टला असा जुळा भाऊ नाही. तिथे यशोमुद्रा लावून जुने अहवाल एकदाच नीट करून घ्यावे लागले. बाहेर पाठवायचं ते पीडीएफच.

टाइमशिफ्ट दर आठवड्याला प्रणालीची प्रत घेतं, पण आपल्या फायलींची घेत नाही. होम फोल्डर ते मूळ सेटिंगमध्ये वगळतं. हे तुम्ही तीनदा सांगितलंत आणि आम्ही तीनदा मान डोलावली. तरी खात्री पटेना म्हणून एक चाचणी फाइल पुसून टाकायला लावलीत आणि टाइमशिफ्टमधून परत आणायला सांगितलीत. आली नाही! तेव्हापासून दर शुक्रवारी दस्तऐवजांची वेगळी प्रत बाहेरच्या डिस्कवर जाते. त्या डिस्कचे दोन भाग आहेत: टाइमशिफ्टसाठी ईएक्सटी४, कारण विंडोजच्या पद्धतीच्या डिस्कवर ते प्रत ठेवत नाही, आणि फायलींसाठी एक्सफॅट, म्हणजे सहाव्या संगणकावरही उघडता येतात.

एक गोष्ट तुम्ही केली नाहीत तिचेही आभार. कोहा ही वाचनालयाची मुक्त प्रणाली याच झपाट्यात बसवून टाका, असा आग्रह झाला होता. न्यूझीलंडमधल्या एका वाचनालयासाठी ती १९९९ मध्ये तयार होऊ लागली, आणि माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, ही माहिती तुम्हीच हौसेने दिलीत आणि त्याच दमात नकारही. माणसं नवा मेनू शिकत असताना त्यांच्या हातातलं देवघेवीचं रजिस्टरही बदललं, तर चूक कुठली ते कधीच कळणार नाही, हे तुमचं म्हणणं. आधी यादी युनिकोडमध्ये स्वच्छ, मग कोहा. बसवताना शोधाची अनुक्रमणिका आयसीयू (युनिकोड नीट समजणाऱ्या) पद्धतीची ठेवायची, नाहीतर देवनागरी शोध धड चालत नाही, एवढी एक ओळ शेवटच्या पानावर पुढच्या वर्षासाठी लिहून गेलात.

तर आता पेन ड्राइव्ह मागायला येईल त्याला वहीची झेरॉक्सही सोबत देतो. चौतीस पानं होतात, पैसे घेत नाही. सहाव्या संगणकाचा प्रिंटर अजून फक्त विंडोजवरच चालतो. बाकीचे पीडीएफ सामाईक फोल्डरमध्ये टाकतात आणि तिथून छापतात. 'इं'च्या ओळींत काही मराठी शीर्षकं चुकून राहिली आहेत, ती पावसाळ्याआधी उरकतो. कपाटातल्या पाच डिस्कांना हात लावलेला नाही.

कळावे, लोभ असावा.

आपले,
देवघेव विभागातले सर्वजण