बाळाला घेऊन बाहेर पड

प्रिय चिमणे,

लस द्यायला बाळाला नेलं तेव्हा प्रतीक्षालयात शेजारचे गृहस्थ शिंकले आणि तेव्हापासून तू घराबाहेर पाऊल टाकलेलं नाहीस, हे तुझ्या आईकडून कळलं. फोनवर बोलायला गेलो असतो तर "काळजी करू नकोस" यापलीकडे काही सुचलं नसतं, आणि ते ऐकून कुणाची काळजी कमी झालेली मी पाहिलेली नाही. म्हणून सविस्तर लिहितो आहे.

माझी सगळी नोकरी रोगनिदान प्रयोगशाळेत गेली. थुंकी, रक्त, पू, विष्ठा, सगळं रोज टेबलावर यायचं. तरी आम्ही शांतपणे काम करायचो, कारण कोणता जंतू कोणत्या मार्गानं शरीरात शिरतो हे ठाऊक होतं. त्या मार्गावर कडक पहारा ठेवायचा, बाकी ठिकाणी जीव गुंतवायचा नाही. नव्यानं रुजू झालेल्या मुलांना पहिली सूचना असायची ती हात तोंडाकडे, नाकाकडे, डोळ्यांकडे जाऊ न देण्याची. तुझ्या बाळाच्या बाबतीतही मला हेच महत्त्वाचं वाटतं.

फ्लूचा विषाणू स्टीलसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर २४ ते ४८ तास टिकू शकतो, हे तू वाचलं आहेस आणि ते खरं आहे. पण लिफ्टच्या बटणावरून तो उडी मारून बाळापर्यंत येत नाही. तो तुझ्या बोटावर बसून येतो. म्हणजे जगातली सगळी बटणं पुसत बसायची गरज नाही, बाळाला घेण्याआधी, पाजण्याआधी आपले हात स्वच्छ असले की झालं. साबणानं २० सेकंद, बोटांच्या बेचक्यांसकट. साबण नसेल तिथं किमान ६० टक्के अल्कोहोल असलेला सॅनिटायझर, आणि तो पूर्ण वाळेपर्यंत चोळायचा. मात्र जुलाबाच्या काही विषाणूंवर तो फारसा चालत नाही, म्हणून लंगोट बदलल्यावर साबण-पाणीच हवं. बाळाच्या मुठी ओल्या स्वच्छ कापडानं पुसल्या तरी पुरे.

हात धुण्याचं सामर्थ्य केवढं आहे हे सेमेलवाइस या डॉक्टरनं १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात दाखवून दिलं. तेव्हा जंतूंबद्दल कुणाला धड माहितीही नव्हती. बाळंतिणींना तपासण्याआधी त्यानं डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. त्याच्या विभागात एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेले मृत्यू जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आले. माझ्या टेबलासमोर मी हे आकडे लिहून ठेवले होते.

दुसरा मार्ग श्वासाचा. इथं जागा निवडणं तुझ्या हातात आहे. उघड्यावर, मोकळ्या हवेत धोका झपाट्यानं घटतो, तेव्हा बागेत, रस्त्यावर बिनधास्त फिर. कोंदट, गर्दीची खोली टाळ. गोवराची साथ असेल तर बंद जागेत नेऊच नकोस, कारण तो विषाणू रोगी निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. दवाखान्यात थांबावं लागलं तर खोकणाऱ्यांपासून दूर, खिडकीजवळ बस, किंवा नंबर येईपर्यंत बाहेर उभी राहा. आणि बाबागाडीवर जाड कापड टाकून ती बंद करू नकोस, आत हवा कोंडते आणि तापते.

सगळ्यात जास्त सावधपणा हवा तो माणसांच्या बाबतीत, आणि तिथंच तू भिडस्त आहेस. बाळाचा पापा कुणालाच घेऊ द्यायचा नाही. ओठावर तापाच्या पुटकुळ्या आलेल्या माणसाकडून येणारा हर्पिसचा विषाणू मोठ्यांना किरकोळ त्रास देतो, नवजात बाळाच्या मात्र जिवावर बेतू शकतो. डांग्या खोकलाही बाळाला बहुतेक वेळा घरच्या माणसांकडूनच लागतो. तेव्हा लाडानं पुढे येणाऱ्याला सरळ सांग, "डॉक्टरांनी मनाई केली आहे, पाय हातात घ्या हवं तर." हात बाळ तोंडात घालतं, पाय अजून नाही! कुणी रुसलं तर रुसू दे, त्यांची समजूत मी काढेन.

बाळही अगदी रिकाम्या हातानं आलेलं नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत वारेतून तुझी प्रतिपिंडं त्याच्याकडे गेली आहेत, ती पहिले काही महिने साथ देतात. तुझ्या दुधातूनही रोज मिळतात. लसी वेळेवर सुरू आहेत. तरीही तीन महिन्यांच्या आत ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त भरला, तर घरी औषध देऊन वाट पाहायची नाही, रात्र असली तरी डॉक्टरकडे जायचं. बाळ पिईनासं झालं, मलूल पडलं, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या तरीही तेच. एवढ्या खुणा पक्क्या लक्षात ठेव. दर तासाला थर्मामीटर लावू नकोस.

आता जरा तुझ्याबद्दल. धुऊन धुऊन तुझ्या हातांना भेगा पडल्या आहेत, बाळ झोपलं तरी तुला झोप लागत नाही, नको ते विचार पुन्हा पुन्हा येतात, असं आई म्हणाली. बाळंतपणानंतर असं पुष्कळ जणींना होतं. त्यात तुझा कमकुवतपणा नाही आणि ते उपचारानं बरं होतं. येत्या तपासणीला डॉक्टरांना हे सगळं, हात दाखवून, सांग. लाजू नकोस. जावईबापूंना सोबत ने, तू विसरलीस तर ते बोलतील. तोवर हाताला मलम लाव. भेगाळलेल्या कातडीवर जंतू उलट जास्त ठाण मांडतात.

आम्ही दोघांनी फ्लूची आणि डांग्या खोकल्याची लस घेतली आहे. रविवारी येतो. दारातच हात धुऊ, मग बाळ आमच्याकडे दे आणि तू झोप. संध्याकाळी ऊन उतरलं की त्याला घेऊन सगळे बागेत जाऊ. दोघांपैकी कुणालाही सर्दी झाली तर येणं पुढे ढकलू, तसं आधी कळवीन.

तुझे
बाबा